यंत्राला खोटे बोलायला कोण शिकवते?

मी कला शाखेची विद्यार्थिनी. मोटारीचे इंजिन मी कधी उघडून पाहिलेले नाही, आणि संगणकाशी माझा संबंध प्रवेशअर्ज भरण्यापुरता. तेव्हा मोटारीतल्या संगणकावर मी लेख लिहिणे हा काहींना आगाऊपणा वाटेल. पण आपण चिंचवडला राहतो. सकाळी सहाला चाफेकर चौकात उभे राहिले की कंपन्यांच्या बसेस एकामागून एक जाताना दिसतात, आणि मोटारीचा एखादा तरी भाग ज्या घरातले कोणी बनवत नाही असे घर आमच्या आळीत शोधावे लागेल. मोटार हा विषय आपल्याकडे विज्ञान शाखेपुरता राहिलेला नाही.

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला 'उत्पादनसंस्थेचे उद्दिष्ट' हा भाग चालू होता. जास्तीत जास्त नफा हे उद्दिष्ट गृहीत धरले की पुढचे सगळे आलेख आपोआप निघतात. सरांनी फळ्यावर दोन वक्ररेषा काढल्या आणि खडू खाली ठेवता ठेवता म्हणाले, "या आलेखात एक गोष्ट दिसत नाही. नफा कमी पडणार असे दिसले की वरचा साहेब खालच्या माणसाला काय सांगतो, ते. ज्याला पाहायचे असेल त्याने फोक्सवॅगनचे प्रकरण वाचावे." एवढ्यात घंटा झाली.

ते नाव ऐकून मी चमकले. फोक्सवॅगनचा कारखाना आपल्या चाकणला आहे, २००९ साली तो सुरू झाला. आमच्या शेजारच्या दादाने आयटीआय झाल्यावर तेथे अर्ज केला होता, आणि बोलावणे येईल म्हणून त्याच्या आईने मोरया गोसावींना नारळ बोलला होता. अशा कंपनीचे 'प्रकरण' काय असेल, या उत्सुकतेने मी वाचू लागले.

आधी थोडे यंत्राविषयी. आजच्या मोटारीत इंजिनाला एक मेंदू असतो. ती एक लहानशी पेटी असते. कोणत्या क्षणी किती डिझेल सोडायचे, हवा किती घ्यायची, धूर कसा शुद्ध करायचा हे सारे ती पेटी ठरवते. आणि पेटीने काय ठरवावे हे तिच्यात भरलेली आज्ञावली सांगते. सॉफ्टवेअर म्हणतात ते हेच. 'असे झाले तर असे कर' अशा सूचनांची ती एक लांबलचक यादी असते. माझी आई कामाला जाताना शेजारच्या काकूंना सांगून जाते, "नळ आला तर आमचा पिंप भरून घ्या, आणि भिशीवाली आली तर मी गावाला गेलेय म्हणून सांगा." तसलाच हा प्रकार. फरक एवढाच की काकू कधी कधी "मी नाही बाई खोटं सांगणार" असे म्हणतात. पेटी म्हणत नाही.

डिझेलचे इंजिन कमी इंधनात जास्त पळते, कारण त्याच्या आत दाब आणि उष्णता भरपूर असते. पण त्याच उष्णतेत हवेतला नायट्रोजन आणि प्राणवायू एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. ही फुफ्फुसांना जाचतात, दमा बळावतो, उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोनही बनतो. त्यांना आवरण्याचे उपाय आहेत, पण फुकट एकही नाही. धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवला तर उष्णता उतरते, मात्र काजळी वाढते आणि गाळणी लवकर तुंबते. धुराच्या वाटेवर सापळा बसवला तर तो मधूनमधून साफ करायला जास्तीचे डिझेल जाळावे लागते. युरियाचे पाणी धुरात फवारले तर काम चोख होते, पण त्याला वेगळी टाकी लागते आणि ती पुन्हा पुन्हा भरावी लागते. (आपल्या नाशिक रस्त्यावरचे ट्रकवाले हे पाणी 'डीईएफ' म्हणून ओळखतात आणि त्याच्या नावाने बोटे मोडतात.) म्हणजे हवा स्वच्छ ठेवायची तर गाडीची किंमत, तिचे ॲव्हरेज किंवा गिऱ्हाइकाची सोय, यांपैकी कशाला तरी कात्री लागणारच.

आता कंपनीकडे पाहू. २०१८ पर्यंत जगातली सर्वांत मोठी मोटार कंपनी व्हायचे, असे फोक्सवॅगनने ठरवले होते. त्यासाठी अमेरिकेत गाड्या खपणे आवश्यक होते, आणि तेथे नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा होती मैलाला फक्त ०.०७ ग्रॅम. पुढे २०१७ साली अमेरिकेच्या कोर्टात कंपनीने गुन्हा कबूल केला, तेव्हाच्या निवेदनात असे आहे की ही मर्यादाही पाळेल आणि बाजारात खपेलही असे इंजिन आपल्याला जमत नाही, हे २००६ च्या सुमारास तिच्या लोकांना कळून चुकले होते. सरळ मार्ग दोन होते. इंजिनावर जास्त खर्च करायचा, नाही तर अमेरिकेत डिझेलगाड्या विकायच्या नाहीत असे ठरवायचे. त्यांनी तिसरा काढला.

सरकारी चाचणीत मोटार रुळांवर चढवतात. चाके फिरतात, मोटार जागची हलत नाही. वेग ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वाढवतात, कमी करतात. आणि मुख्य म्हणजे स्टिअरिंग कोणी वळवत नाही, कारण जायचे कोठे? पेटीतल्या आज्ञावलीला वेग, वेळ, हवेचा दाब, स्टिअरिंगची स्थिती असे सर्व कळतच असते. तिला एवढेच शिकवले गेले की ही लक्षणे दिसली तर ही परीक्षा आहे असे समज आणि धूर पूर्ण शुद्ध कर. ती नाहीत तर तू रस्त्यावर आहेस, मग शुद्धीकरण ढिले सोड. शाळा तपासायला साहेब येणार म्हटले की आमच्या वर्गात तक्ते लागत आणि माठाला नवा पेला येई, त्याची मला आठवण झाली. साहेबांची जीप फाटकाबाहेर गेली की पेला पुन्हा कपाटात.

हा उद्योग मुकाट्याने झाला असेही नाही. त्याच निवेदनात नोंद आहे की २००६ मध्ये काही अभियंत्यांनी बैठकीत आक्षेप घेतला होता. वरिष्ठाने काम पुढे चालू ठेवायला सांगितले आणि पकडले जाऊ नका एवढी ताकीद दिली. मला हे वाक्य वाचून धक्का बसला. ते क्रूर आहे म्हणून नव्हे. ते इतके ओळखीचे वाटले म्हणून.

पकडले गेले ते कसे, ही हकीकत मोठी गमतीची आहे. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात एक लहानसा गट होता. त्यात हेमंत कप्पन्ना नावाचा बेंगळुरूहून शिकायला गेलेला विद्यार्थीही होता. त्यांना काही भांडाफोड करायची नव्हती; उलट अमेरिकेतली डिझेल मोटार किती स्वच्छ असते हे युरोपला दाखवून द्यावे, म्हणून त्यांना हे काम मिळाले होते. त्यांनी डिकीत मोजणीचे यंत्र आणि त्याला वीज द्यायला जनरेटर ठेवला, आणि मोटारी सरळ रस्त्यावर काढल्या. एक तर लॉस एंजेलिसहून सिॲटलपर्यंत नेऊन परत आणली. फोक्सवॅगनची जेटा मर्यादेच्या १५ ते ३५ पट धूर सोडत होती, पसाट ५ ते २० पट. तिसरी मोटार दुसऱ्या कंपनीची होती आणि ती बहुतेक ठिकाणी मर्यादेत राहिली, म्हणजे ते अशक्य नव्हते. प्रयोगशाळेत मात्र जेटा आणि पसाट दोघीही उत्तीर्ण होत्या. हा अहवाल २०१४ च्या मे महिन्यात आला. पुढे वर्षभराहून अधिक काळ कंपनी तांत्रिक सबबी सांगत राहिली. शेवटी नव्या वर्षाच्या मोटारींना परवानाच मिळणार नाही असे दिसले तेव्हा ती वठणीवर आली. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकन पर्यावरण खात्याने नोटीस जाहीर केली. जगभरात अशा १ कोटी १० लाख मोटारी आहेत, असे मग कंपनीनेच सांगितले.

(हेमंत कप्पन्ना पुढे जनरल मोटर्समध्ये लागले. २०१९ मध्ये त्या कंपनीने खर्चकपातीसाठी हजारो लोकांना कमी केले, त्यांत तेही होते.)

हे सारे मी एका रात्री जेवताना आण्णांना सांगितले. आण्णा म्हणजे माझे वडील. २००३ च्या दुष्काळात कळंब तालुक्यातून ते चिंचवडला आले. शिक्षण सातवी. मी जर्मनी, अमेरिका, नायट्रोजन असे बरेच तोंडात येईल ते सांगत होते. आण्णा भाकरी मोडत ऐकत होते. स्टिअरिंगचा मुद्दा आला तेव्हा हात थांबला. म्हणाले, "म्हणजे चावीच की."

मला कळेना. मग त्यांनी सांगितले, ते असे.

आण्णा एका लहान कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. मोटारीला लागणारे पत्र्याचे भाग तेथे निघत. कारखान्याचे नाव मी देत नाही. प्रेसच्या तोंडाशी दोन खांबांमध्ये किरणांचा पडदा असतो. न दिसणाऱ्या किरणांत हात आडवा आला की प्रेस जागीच थांबते. पण मग दर वेळी हात पुरा बाहेर काढायचा, मगच ठोका पडायचा. त्यात तासाला निघणारे नग कमी होतात. म्हणून पॅनेलवर एक चावी होती. डावीकडे वळवली की पडदा चालू, उजवीकडे वळवली की पडदा बंद आणि प्रेस मोकळी. चावी सुपरवायझरच्या खिशात. मोठ्या कंपनीचे तपासणीवाले यायचे असले की सकाळी सकाळी सगळ्या प्रेसच्या चाव्या डावीकडे वळत. ते येत, पडद्यात लाकडाची पट्टी घालून बघत, प्रेस थांबे, वहीत बरोबरची खूण होई. त्यांची गाडी गेटबाहेर पडली की चाव्या उजवीकडे.

फेब्रुवारी २०१६ मध्ये तिसऱ्या पाळीत आण्णांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. चावी उजवीकडे होती.

"मी तरी कुठं ना म्हणलो होतो," आण्णा म्हणाले. "पडदा चालू म्हणजे नग कमी, नग कमी म्हणजे ओव्हरटाइम कमी. तुझ्या दादाच्या क्लासची फी व्हती तवा." आई म्हणाली, "जेवताना हे कशाला काढता." विषय तेथेच थांबला.

पण माझ्या डोक्यातून ती चावी जाईना. जर्मनीतली आज्ञावली आणि चिंचवडातली चावी एकाच जातीच्या. दोन्हींना तपासनीस ओळखता येतो. तरीही त्यांच्यात एक फरक आहे, आणि माझ्या मते याच फरकामुळे सॉफ्टवेअरचा प्रश्न वेगळा होतो. चावी निदान डोळ्यांना दिसते. ती कोणाच्या खिशात आहे हे साऱ्या शॉपला माहीत असते, आणि रोज कोणाला तरी ती हाताने वळवावी लागते. आज्ञावलीतली चावी एकदाच वळवायची. मग तीच एक कोटी गाड्यांत आपोआप वळलेली असते, बॉनेट उघडून दिसत नाही, आणि ती कोणाच्या खिशात होती हे शोधायला कोर्टाला दहा दहा वर्षे लागतात. वरच्या माणसाचा निर्णय त्या ओळींत विरघळून जातो. उरते ते फक्त यंत्र, आणि यंत्राला कोणी शिक्षा करीत नाही.

आपल्याकडे काय झाले? बातमी फुटल्यावर केंद्र सरकारने पुण्याच्या एआरएआय या संस्थेला चौकशी करायला सांगितले. कोथरूडला वेताळ टेकडीवर १९६६ पासून ही संस्था आहे. मोटारींना प्रमाणपत्रे देणाऱ्या देशातल्या प्रमुख संस्थांपैकी ती एक. तिने या मोटारी रस्त्यावर पळवून पाहिल्या. 'भारत स्टेज चार'च्या मर्यादेपेक्षा १.१ ते २.६ पट धूर निघाला. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील ३,२३,७०० मोटारी दुरुस्तीला बोलावल्या. फोक्सवॅगनच्या १,९८,५००, स्कोडाच्या ८८,७०० आणि ऑडीच्या ३६,५००. चाकणला बनलेल्या पोलो आणि व्हेंटोही त्यांत आल्या. दुरुस्ती म्हणजे मुख्यतः काय, तर पेटीत नवी आज्ञावली भरणे!

मात्र आपण भारतातला कोणताही नियम मोडलेला नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. आणि ते अगदीच पोकळ नव्हते. आपल्या नियमांत तेव्हा रस्त्यावरची चाचणीच नव्हती. जो पेपर कधी काढलाच नाही, त्यात नापास कसे करणार? मला तर वाटते की नफ्यापायी नियम मोडणाऱ्याइतकाच, नियमात भगदाड राहू देणाराही विचारात घ्यायला हवा. रस्त्यावर धूर मोजण्याची अट आपल्याकडे प्रत्यक्ष लागू झाली ती १ एप्रिल २०२३ पासून, 'भारत स्टेज सहा'च्या दुसऱ्या टप्प्यात.

दिल्लीतल्या एका शिक्षिकेने आणि इतर काहींनी राष्ट्रीय हरित लवादाकडे तक्रार केली होती. लवादाच्या समितीने हिशेब केला की या मोटारींच्या जादा धुरामुळे एकट्या दिल्लीत एका वर्षात लोकांच्या प्रकृतीची जी हानी झाली ती रुपयांत मांडली तर १७१ कोटी ३४ लाख होते. ७ मार्च २०१९ रोजी लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तेथे सक्तीच्या वसुलीला स्थगिती मिळाली. दिल्लीच्या फुफ्फुसांचा निदान हिशेब तरी झाला. आपल्या भोसरी-चाकणच्या हवेचा तसा हिशेब त्या निकालात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. दोष कोणाचा ठरला? ऑक्टोबर २०१५ मध्ये कंपनीच्या अमेरिका शाखेच्या प्रमुखांना तेथल्या संसदेच्या समितीपुढे बोलावले होते. त्यांनी शपथेवर सांगितले की हा कंपनीचा निर्णय नव्हता, एक-दोन सॉफ्टवेअर अभियंत्यांनी काही कारणाने हे केले. मागाहून जे उघड झाले त्यापुढे हे विधान टिकले नाही. तरी आधी तुरुंगात गेले ते मधल्या फळीतले. जेम्स लियांग या अभियंत्याला ऑगस्ट २०१७ मध्ये ४० महिन्यांची आणि ऑलिव्हर श्मिट या व्यवस्थापकाला डिसेंबर २०१७ मध्ये ७ वर्षांची शिक्षा झाली. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या कोर्टाने मे २०२५ मध्ये आणखी चार माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. दोघांना तुरुंगवास, दोघांच्या शिक्षा निलंबित. सर्वोच्च पदावरचे मार्टिन विंटरकॉर्न यांनी प्रकरण फुटताच राजीनामा दिला होता. त्यांनी आरोप नाकारले आहेत. त्यांच्यावरचा खटला सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि त्यांच्या प्रकृतीमुळे थांबला. कंपनीला या भानगडीपायी ३० अब्ज युरोंहून जास्त रक्कम मोजावी लागली. स्वच्छ इंजिन बनवायला एवढा खर्च खात्रीने आला नसता, पण तो खर्च त्या वर्षीच्या ताळेबंदात दिसला असता आणि हा दहा वर्षांनी दिसला.

हे मोटारींपुरते आहे असे कोणी समजू नये. बोईंग कंपनीच्या '७३७ मॅक्स' विमानात एक आज्ञावली अशी होती की विमानाचे नाक फार वर गेल्यासारखे वाटले तर ती आपणहून ते खाली दाबी. आणि नाक वर गेले की नाही हे ती एकाच सेन्सरवरून ठरवी. वैमानिकांना तिच्याविषयी आधी सांगितलेलेही नव्हते. कारण नवे प्रशिक्षण लागले तर विमान महाग पडते. एका मोठ्या गिऱ्हाइकाशी तर करारच होता की वैमानिकांना सिम्युलेटरवर नव्याने शिकवावे लागले तर प्रत्येक विमानामागे दहा लाख डॉलर सूट द्यायची. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ अशा दोन अपघातांत मिळून ३४६ माणसे मेली.

हा लेख लिहायला घेतल्यावर मला घरातला एक कागद आठवला. आण्णांच्या ट्रंकेत रेशनकार्ड, गावच्या जमिनीचा सातबारा आणि आमचे जन्मदाखले यांच्याखाली तो असतो. इंग्रजीत टाइप केलेला. खाली आण्णांची सही आहे, वेडीवाकडी, कारण ती डाव्या हाताने केलेली. उजव्या हाताला तेव्हा पट्टी होती. कारखान्याचा माणूस दवाखान्यात आला होता आणि "यावर सही करा, म्हणजे तुमचं ईएसआयचं काम पुढे सरकेल" असे म्हणाला होता. मी तेव्हा चौथीत होते. तो कागद वाचू शकेल असे आमच्या घरात कोणी नव्हते. पुढे मी कॉलेजात आले तरी, का कोण जाणे, तो कागद काढून वाचावा असे मनात आले नाही.

या दिवाळीत मी तो काढला आणि शब्दकोश घेऊन बसले. जेमतेम दहा ओळी आहेत. तारीख, पाळी, प्रेसचा क्रमांक. यंत्रावरील सर्व सुरक्षा साधने अपघाताच्या वेळी चालू स्थितीत होती. अपघात कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे घडला. कामगाराला हे मान्य आहे. चावीचा उल्लेख कोठेही नाही.

मी एकेक वाक्य मराठीत करून आण्णांना वाचून दाखवले. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला सांगितले. मी वाचले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नंबर बी चुकलाय बघ. मी सात नंबरवर होतो. यात चार लिहिलाय."